बंद-चालू केलं की हलकं, चार दिवसांनी पुन्हा जड: छोट्या गाडीच्या इलेक्ट्रिक स्टेअरिंगचा दोष कुठे शोधायचा

उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवायला जावं तर ते दगडासारखं घट्ट होतं आणि मीटरमध्ये ईपीएसचा, म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचा, पिवळा दिवा लागतो. गाडी बंद करून पुन्हा सेल्फ मारला की दिवा गायब, स्टेअरिंग पहिल्यासारखं हलकं. मग दोन दिवस, कधी आठ दिवस काही त्रास नाही. आणि नेमकं बाजाराच्या दिवशी, गर्दीत, रिव्हर्स घेताना पुन्हा तेच.

भुसावळला गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करतो त्याला वीस वर्षं होत आली. छोट्या गाड्यांची ही तक्रार माझ्याकडे एप्रिल ते जुलैत सगळ्यात जास्त येते, आणि येणाऱ्याच्या हातात बऱ्याचदा पूर्ण स्टेअरिंग कॉलम, म्हणजे स्टेअरिंगखालचा दांडा मोटर-सेन्सरसकट, बदलायचं एस्टिमेट असतं. पंचवीस-तीस हजारांचं. आपल्याकडे तो पैसा कापसातून किंवा केळीच्या पट्टीतून निघायचा असतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय. कॉलम खराब होतच नाही असं नाही. पण किल्ली बंद-चालू केल्यावर जो बरा होतो, तो कॉलम बहुतेक वेळा चांगला असतो. त्याला पुरेसा करंट पोचत नसतो.

असं का होतं ते आधी समजून घेऊ. जुन्या पॉवर स्टेअरिंगला इंजिनच्या बेल्टवर चालणारा तेलाचा पंप असायचा. इलेक्ट्रिक स्टेअरिंग पहिल्यांदा आलं १९८८ साली, जपानच्या सुझुकी सर्व्हो या छोट्या गाडीत. तेल नाही, पाइप नाही, वळवताना लागेल तेवढाच करंट घ्यायचा. छोट्या इंजिनाच्या गाडीला हे सोयीचं, म्हणून आज आपल्या जवळपास प्रत्येक हॅचबॅकमध्ये तेच बसतं. डॅशबोर्डखाली कॉलमलाच एक मोटर जोडलेली असते. तिचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखा गिअर, कॉलमवरचं मोठं चाक फिरवतो. कॉलमच्या मधे पीळ खाणारी एक बारीक सळई असते. तुम्ही स्टेअरिंगला जोर लावला की ती किंचित पिळते, तो पीळ टॉर्क सेन्सर मोजतो, आणि कंट्रोल युनिट त्याप्रमाणे मोटरला करंट सोडतं. गाडीचा वेग वाढला की मदत कमी, गाडी उभी असली की मदत सर्वांत जास्त.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. उभ्या गाडीत टायर जमिनीवर घासत फिरवायचे म्हणजे मोटर ४०-५० अँपिअरपर्यंत करंट ओढते. हेडलाइटचे दोन्ही बल्ब मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात, त्याच्या चार-पाच पट. सेल्फ सोडला तर छोट्या गाडीत एवढी भूक दुसऱ्या कशालाच नाही. त्यामुळे वायरिंगमध्ये कुठे अशक्तपणा असेल तर तो हॉर्नमध्ये दिसणार नाही, रेडिओत दिसणार नाही, स्टेअरिंगमध्येच दिसेल.

कंट्रोल युनिटला मिळणारा दाब साधारण ९-१० व्होल्टच्या खाली गेला की ते मदत थांबवतं. अर्धवट व्होल्टेजवर मोटरने वेडंवाकडं वागण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, असा तो हिशेब आहे. एकदा गप्प झालं की बऱ्याच गाड्यांत किल्ली बंद करेपर्यंत ते गप्पच राहतं. पुन्हा किल्ली फिरवली की युनिट स्वतःची तपासणी करतं. त्या वेळी मोटरवर ताण नसतो, व्होल्टेज चांगलं दिसतं, म्हणून दिवा विझतो. दोष मात्र जागच्या जागी असतो. बंद-चालू केल्यावर बरं होण्यामागचं कारण एवढंच.

आता एका गाडीचं सांगतो, कारण या गाडीने मला स्वतःला एकदा चकवलं.

पारोळ्याकडचे आप्पा. लेक भुसावळला दिलेली, तिच्याकडे आले की गाडी माझ्याकडे दाखवतात. नऊ-दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. स्टेअरिंग जड होतं, बंद-चालू केलं की सुटतं. मी बॅटरीचे टर्मिनल उघडले, पांढरी-हिरवी बुरशी साफ केली, घट्ट केले. पाच-सहा वेळा स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितलं, ठीक होतं. पाठवून दिलं. पंधरा दिवसांनी आप्पा परत आले. मधल्या काळात त्यांनी दुसरीकडे नवी बॅटरी टाकून घेतली होती आणि एका वर्कशॉपने कॉलम बदलायचं एस्टिमेट दिलं होतं. मला म्हणाले, "भाऊ, त्या म्हनतस बठ्ठं बदलनं पडी. आते काय करानं?" म्हणजे ते म्हणतात सगळंच बदलावं लागेल, आता काय करायचं?

या वेळी मी पाना बाजूला ठेवला आणि आधी विचारत बसलो. इथे प्रत्येक मेकॅनिकला माझी विनंती आहे: दहा मिनिटं गाडीवाल्याला बोलू द्या. गाडी थंड असताना होतं की तापल्यावर? एसी चालू असताना? पावसानंतर? दिवा आधी लागतो की स्टेअरिंग आधी जड होतं? आप्पांचा मुलगा सोबत होता. तो सहज बोलून गेला की रात्री अंगणात गाडी वळवताना हेडलाइट मंद होतात. पण सेल्फ मात्र एका झटक्यात लागतो.

त्या दोन वाक्यांनी अर्धं काम केलं. बॅटरीच्या निगेटिव्हवरून बहुतेक छोट्या गाड्यांत दोन फाटे जातात. एक गिअरबॉक्सवर, दुसरा बॉडीवर. सेल्फचा करंट गिअरबॉक्सच्या फाट्याने परत येतो. हेडलाइट आणि स्टेअरिंगचा करंट बॉडीच्या फाट्याने येतो. सेल्फ जोरात, पण वळवताना हेडलाइट मंद, म्हणजे बॅटरी चांगली आणि संशय बॉडी अर्थवर, म्हणजे बॉडीकडे जाणाऱ्या त्या फाट्यावर. मुलाचं बोलणं पंधरा दिवस आधी ऐकलं असतं तर नव्या बॅटरीचे पैसे वाचले असते, हे मला आजही लागतं.

मोजणी कशी केली ते नीट सांगतो, कारण सगळ्या गोष्टीचा जीव इथे आहे. मीटर साधाच लागतो, काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर. लोक वायर तपासायला तो ओहमवर लावतात. मीही लावला होता. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत ०.३ ओहम दाखवले. पण मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.३ च दाखवत होता. म्हणजे वायर निर्दोष दिसत होती, आणि फसगत इथेच होते. समजा थिंबलमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाच्या बोल्टात बसणाऱ्या कडीत, गंज धरून ०.०५ ओहमचा अडथळा तयार झालाय. साधा मीटर तो दाखवूच शकत नाही. पण त्यातून ४० अँपिअर जायला लागले की ४० गुणिले ०.०५, म्हणजे २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. वायरीच्या आतल्या निम्म्या तारा तुटलेल्या असल्या तरी ओहमवर वायर चांगलीच दिसेल. ओझं असतानाच तपासायला हवं.

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. इंजिन चालू, हेडलाइट चालू, एसी चालू, गाडी उभी. एक माणूस आत बसून स्टेअरिंग सावकाश पूर्ण फिरवेल. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. खांबावर म्हणजे शिशाच्या खांबावरच, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नको, नाहीतर खांब आणि क्लॅम्प यांच्यामधला दोष मोजणीत येणारच नाही. लाल पिन स्टेअरिंग युनिटच्या अर्थ वायरीवर, कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) न काढता मागच्या बाजूने बारीक सुई घालून. चांगल्या गाडीत वळवताना हा आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत राहतो. ०.५ च्या वर गेला तर दोष आहे, शोधलाच पाहिजे. मग तसंच पॉझिटिव्ह बाजूला: एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरी युनिटच्या जाड पॉझिटिव्ह वायरीवर.

आप्पांच्या गाडीत पहिल्यांदा अर्थला ०.४ आले. मधलाच आकडा. मी बॅटरीच्या ट्रेखाली हात घालून अर्थची वायर हलकेच दाबून धरली आणि मुलाला म्हटलं, फिरव. मीटर ०.४ वरून १.१, मग २.६. त्याच क्षणी स्टेअरिंग त्याच्या हातात अडकलं आणि दिवा लागला. त्या वेळी बॅटरीवर १२.९ होते, पॉझिटिव्ह बाजूला ०.४ जात होते, अर्थमध्ये २.६. युनिटपर्यंत पोचत होते ९.९ व्होल्ट. आप्पा बोनेटजवळ उभे होते, मी त्यांना आकडा दाखवला. मीटर वाचता येत नसला तरी आकडा उडी मारतो आणि त्याच वेळी दिवा लागतो, हे कोणालाही कळतं.

ट्रे काढला. वरून वायर नवीकोरी दिसत होती. जुन्या बॅटरीचं ॲसिड वर्षानुवर्षं ट्रेच्या भोकातून ठिबकून नेमकं बॉडीच्या बोल्टवर पडत होतं. थिंबलजवळचं प्लास्टिक ब्लेडने दोन इंच सोललं तर आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी, बोटाला लागली तशी गळून पडली. आठ-दहा तारा तेवढ्या शाबूत होत्या. त्यांच्यावर स्टेअरिंग चाललं होतं.

दुरुस्ती म्हणाल तर साधी. वायर मूळ जाडीची किंवा त्याहून जाड घ्यायची, बारीक कधीच नाही. थिंबल हातोडीने ठोकून बसवायचा नाही, क्रिम्पिंगच्या पकडीनेच दाबायचा, वर स्लीव्ह गरम करून चढवायची. बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायची. रंगावर बोल्ट आवळला तर करंट फक्त आट्यांतून जातो. दातेरी वॉशर घालून आवळायचं आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावायची, आधी नाही. ट्रे सोड्याच्या पाण्याने धुवून कोरडा करायचा. मग पुन्हा तीच मोजणी. आप्पांच्या गाडीत अर्थ ०.०८ आला. पॉझिटिव्ह बाजूचे ०.४ सुद्धा मला जास्त वाटत होते. फ्यूज बॉक्समधला स्टेअरिंगचा मोठा फ्यूज बघितला तर त्याच्या पायाशी प्लास्टिक तपकिरी झालं होतं, स्क्रू ढिला. साफ करून आवळल्यावर ०.१५.

या फ्यूजबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. तो उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घाला. रस्त्यात अडचण म्हणून तार गुंडाळून आलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत. ५० अँपिअरची वायर डॅशबोर्डखाली, गालिच्याच्या आतून जाते. तिथे पेट घेतला तर तुमच्या पायाशी आग.

अर्थ आणि पॉझिटिव्ह दोन्ही चांगले निघाले तर मग बॅटरी आणि ती चार्ज करणारा अल्टरनेटर. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी १२.६ च्या आसपास हवी, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, पाण्याच्या बॅटरीतलं पाणी झपाट्याने उडतं, प्लेटा उघड्या पडतात. त्यात एसी, रेडिएटरचा पंखा, आतला ब्लोअर सगळं एकदम चालू, इंजिन आयडलवर, म्हणजे अल्टरनेटरची ताकद सर्वांत कमी असते तेव्हाच तुम्ही पार्किंगसाठी स्टेअरिंग फिरवता. कमकुवत गाडी उन्हाळ्यातच का अडते ते यावरून कळेल. अल्टरनेटरचा बेल्ट ढिला असेल तर वळवताना चिरक आवाज येतो, तो कानाने पकडा.

उन्हाळ्यात आणखी एक प्रकार होतो आणि तो दोष नसतो. लग्नाच्या मांडवाबाहेर गाडी लावताना कोणी दहा वेळा मागे-पुढे करून स्टेअरिंग टोकापर्यंत फिरवत राहिलं, किंवा टोकाला दाबून धरलं, तर मोटर तापते आणि युनिट करंट हळूहळू कमी करतं. स्टेअरिंग एकदम नाही, हळूहळू जड होत जातं. दिवा बऱ्याचदा लागत नाही. दहा-पंधरा मिनिटं गाडी उभी ठेवली की पूर्ववत. अशा गाडीचं काही उघडू नका. चालवणाऱ्याला सांगा की गाडी किंचित सरकत असताना फिरव, आणि टोकाला पोचल्यावर हात ढिला सोड.

पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या गाड्यांचं कारण वेगळं. वायपरच्या खाली जाळी असते, तिथलं पाणी जायला दोन्ही बाजूंना वाटा असतात. आपल्या अंगणात कडुनिंब असतो, गाडी त्याच्या सावलीत. फाल्गुनात त्याची पानं गळतात आणि त्या वाटेत जाऊन बसतात. तीन महिने कोणाला काही कळत नाही. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात पाणी तुंबतं आणि ब्लोअरच्या किंवा वायरिंगच्या रबरी बुचातून आत डॅशबोर्डखाली ठिबकतं, काही गाड्यांत थेट स्टेअरिंगच्या कपलरवर. पायाखालचा गालिचा हाताने दाबून बघा, ओला लागला तर स्कॅनर (दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावण्याआधी जाळी उघडा. कपलर काढून पिना बघा, हिरवी छटा आली असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पेट्रोल वापरू नका, ते रबरी सील फुगवतं. पीन सैल झाली असेल तर नुसतं साफ करून उपयोग नाही, ती घट्ट करावी किंवा बदलावीच लागते.

आणि उंदीर. खळ्यात, कापसाच्या खोलीशेजारी, केळीच्या बागेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे फार. एक गाडी रावेरकडून आली होती, दिवा लगेच लागत नव्हता, गाडी चार-पाच मिनिटं चालली की लागायचा. मीटरचा वेगाचा काटा शून्यावर. इंजिन फिरतंय पण वेग येत नाही, हे युनिटला पटत नाही, थोडा वेळ वाट बघून ते दोष नोंदवतं. गिअरबॉक्सवरच्या स्पीड सेन्सरची वायर कुरतडलेली निघाली. स्टेअरिंगला हात लावावा लागला नाही. म्हणून दिवा कधी लागतो हे विचारा: वळवतानाच लागला तर करंट बघा, चालल्यावर थोड्या वेळाने लागला तर वेगाचा सिग्नल बघा, किल्ली फिरवल्यापासून विझतच नसेल तर फ्यूज, कपलर किंवा खरोखर युनिट.

स्कॅनरबद्दल थोडं. मोबाइलला जोडायचे स्वस्त ओबीडी डबे बहुतेक फक्त इंजिनचे कोड वाचतात. त्यात काही आलं नाही म्हणजे स्टेअरिंगमध्ये दोष नाही असं धरू नका. ईपीएस वाचणारा स्कॅनरच लागतो. कोड आला की तो लिहून घ्या, पुसा, गाडी चालवा आणि पुन्हा कोणता येतो ते बघा. जुने चार कोड साठलेले असतात, त्यातला जिवंत कोणता ते असंच कळतं. आणि व्होल्टेज कमी असल्याचा कोड असताना शेजारी मोटरचा किंवा सेन्सरचा कोड दिसला तर आधी व्होल्टेज सोडवा. त्या गाडीत बाकीचे कोड पुष्कळदा उपाशी युनिटने नोंदवलेले असतात.

आता दिवा न लागता जड असणारं स्टेअरिंग. यात इलेक्ट्रिकवाल्याने फार वेळ घालवू नये. पहिल्यांदा टायरची हवा. दारावरच्या पट्टीवर लिहिलेली हवा भरा. वीस पौंडावर चालणारी गाडी कोणत्याही मोटरला जड जाईल. मग पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, खाली घोड्या लावा, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग हाताने फिरवा. एकसारखं फिरलं पाहिजे. मधेच एका ठिकाणी अडकून सुटत असेल तर कॉलम आणि रॅक (चाकं वळवणारा खालचा दांडा) यांच्या मधला क्रॉस, म्हणजे वळता सांधा, गंजलाय. आपल्या काळ्या मातीचा चिखल तिथल्या रबराच्या आत जाऊन सुकतो आणि क्रॉसची बेअरिंग जाम होते. वळून झाल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नसेल आणि फिरवताना शॉकअपच्या वरून स्प्रिंग ताणल्यासारखा टण्ण आवाज येत असेल, तर शॉकअपचं वरचं माउंटिंग बेअरिंग. टाय रॉड एंड, म्हणजे रॅक आणि चाक यांच्यातला सांधा, सोडवून पुन्हा फिरवलं की दोष चाकाकडे आहे की रॅककडे तेही कळतं.

कॉलमचाच दोष कसा ओळखायचा? स्टेअरिंग एका बाजूला लोण्यासारखं आणि दुसऱ्या बाजूला जड, किंवा सरळ रस्त्यावर हात ढिला सोडला की ते स्वतःहून एकीकडे ओढतं आणि अलाइनमेंट, टायर सगळं ठीक आहे, तर टॉर्क सेन्सर. ईपीएसचा मोठा फ्यूज काढून मोकळ्या जागेत हळू चालवून बघा. ओढणं गेलं तर गुन्हेगार सापडला. स्कॅनरवर हात न लावता सेन्सरचा आकडा शून्याजवळ हवा, आणि डावीकडे-उजवीकडे सारखाच जोर लावल्यावर सारखाच हलायला हवा. खडबडीत रस्त्यावर डॅशबोर्डखालून बारीक टकटक येत असेल तर वर्मची झीज किंवा मोटर आणि वर्म यांच्यामधलं रबरी कपलिंग. काही गाड्यांत हे कपलिंग सुटं मिळतं, अगदी थोड्या पैशांत. कॉलम बदलण्याआधी ते मिळतं का याची चौकशी नक्की करा. मोटरच्या जुन्या प्रकारात कार्बन ब्रश असतात, ते झिजले की फिरवताना एखाद्या जागी मदत तुटते आणि हाताला हिसका बसतो. टॉर्क सेन्सर मात्र मी उघडत नाही आणि कोणी उघडू नये असं माझं ठाम मत आहे. माणूस त्या गाडीत बायकापोरं घेऊन घाटात जाणार असतो.

घाटावरून आठवलं. वेगात मदत कमीच असते, म्हणून हायवेवर दोष जाणवत नाही आणि लोक महिनोन्महिने तशीच गाडी चालवतात. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना किंवा तोरणमाळच्या वळणांवर मात्र वेग कमी आणि स्टेअरिंग पूर्ण फिरवायचं, दोन्ही एकदम येतं. वळणाच्या मध्यावर मदत गेली तर घाबरू नका. चाकांशी लोखंडाचा जोड तसाच असतो, गाडी वळते, फक्त दोन्ही हातांनी ताकद लावावी लागते. ब्रेकने वेग कमी करा, बाजूला घ्या, मगच किल्ली फिरवा. चालत्या गाडीत किल्ली बंद करून चालू करायचा प्रयोग कधीच करू नका. ब्रेकची मदत जाते, आणि किल्ली मागे लॉकपर्यंत गेली तर स्टेअरिंगच अडकतं.

कॉलम काढायची वेळ आलीच तर बॅटरीचं निगेटिव्ह काढून किमान काही मिनिटं थांबा, कारण एअरबॅगचा चार्ज लगेच उतरत नाही. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावू नका. चाकं सरळ, स्टेअरिंग बांधून ठेवलेलं, आणि क्रॉस सोडण्याआधी दोन्ही बाजूंवर रंगाची खूण. स्टेअरिंग मोकळं फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग (हॉर्न-एअरबॅगची गुंडाळलेली वायरपट्टी) तुटते आणि नवाच खर्च उभा राहतो. कॉलमवर हातोडी नको, एका ठोक्यात सेन्सर जातो. जुना कॉलम आणणार असाल तर पार्ट नंबर अक्षर-अक्षर जुळवा, आणि बसवल्यावर स्कॅनरने टॉर्क सेन्सरचा शून्य बिंदू लावून घ्या, गाडीला स्टेअरिंग अँगल सेन्सर असेल तर त्याचाही. हे न करता दिलेली गाडी "नवा कॉलम टाकूनही ओढते" म्हणत परत येते.

काम झाल्यावर माझी पद्धत अशी: एसी, हेडलाइट चालू, उभ्या गाडीत पाच वेळा पूर्ण फिरवायचं, मीटर लावलेलाच. मग गाडी तापेपर्यंत चालवून आणायची आणि पुन्हा मोजायचं. दोन्ही आकडे कार्डवर लिहून गाडीवाल्याच्या हातात द्यायचे, म्हणजे पुढे कोणाकडेही गेला तरी त्याच्याजवळ ते असतात.

आप्पांकडे तसं कार्ड आहे. पोळ्याच्या आधी लेकीला माहेरी न्यायला आले तेव्हा मी आपणहून बोनेट उघडलं. मधे पाऊस भरपूर झाला होता, गाडीच्या चाकांना शेतातला चिखल तसाच होता. मुलाने स्टेअरिंग फिरवलं. अर्थ ०.०९, पॉझिटिव्ह ०.१५. तेच कार्ड घेऊन खाली नवी तारीख टाकली.